रेघेखालची कोरडी जागा

लाइट यायची तेव्हा येईल. मोबाइल खाली ठेवा आणि ऐका. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण छिन्नीमामांवर आहे. मामा थापा मारायचे त्या पत्ते खेळतानाच, एरवी नाही.

छिन्नीमामा आमच्या खाणीत सॅम्पल घ्यायचे. बोगदा जिथे संपतो, त्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर आडवी लाल रेघ मारायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघेवरून सारखे तुकडे पाडायचे. ते तपासून ठरतं, इथे धातू पुरेसा आहे की बोगदा बंद करायचा. लबाडी अगदी सोपी. धातूची चमकणारी शीर मऊ असते, दोन ठोक्यांत ओंजळभर निघते. साधा दगड घाम काढतो. शीरच जास्त भरली की सॅम्पलमध्ये धातू जास्त दिसतो. मामांचे दोन्ही हात छिन्नी-हातोडीत, म्हणून पिशवी धरायला त्यांचे भाऊजी, मोठ्या बहिणीचे यजमान. भिंतीला पाठ टेकून उकिडवे बसायचे, पिशवी डोक्यावर धरून. मामांनी शिरेवर एक ठोका जास्त मारला की भाऊजी मुकाट्याने पिशवी बाजूला घ्यायचे. पुढे दगडाच्या धुळीने त्यांची छाती भरली आणि खोकत खोकतच ते गेले.

त्यांचा मुलगा, म्हणजे मामांचा भाचा, त्याच बोगद्यात कामाला लागला. बोगदा बंद झाला तर पहिली गदा नव्या पोरांवर, आणि ताईच्या घरात कमावणारा तो एकटाच. हल्ली तो रात्रीचा खोकायचा. मामा म्हणायचे, सर्दी असेल.

मागच्या जानेवारीतला मंगळवार. रात्रीचे साडेअकरा. पिंजऱ्यावर, म्हणजे खाली जायच्या लिफ्टवर, मीच होतो.

"मामा, जोडीदार कुठाय?" एकट्याने जायला बंदी आहे.

"येतोय मागून. सोड तू."

मागून कोणी येणार नव्हतं. त्या रात्री मामांना साक्षीदारच नको होता.

खाली पोचल्यावर मामांनी रेघ मारली. खोक्यावर पिशवी ठेवली, तोंड उघडं करून, बरोबर शिरेखाली. आणि शिरेवर ठोका घातला.

तुकडे जमिनीवर पडले.

वाकून पाहिलं. पिशवी हातभर डावीकडे, साध्या दगडाखाली. धक्का लागला असेल, म्हणत त्यांनी ती जागेवर ठेवली. ठोका. पुन्हा जमिनीवरच.

तिसऱ्यांदा मामांनी डोक्यावरचा दिवा खाली वळवला.

खोकं जागेवर होतं. पिशवी खोक्यावर नव्हती. अधांतरी होती... कोणीतरी खालून दोन्ही हातांनी धरावी तशी.

आणि खोकला. गुडघ्याजवळून.

मामांनी तो ओळखला.

"भाऊजी..." मामा म्हणाले. "पोराच्या नोकरीसाठी करतोय हो. तुमच्याच पोराच्या..."

पाणी ठिबकत होतं. 

"ताईला काय तोंड दाखवू?"

पिशवी हलली नाही.



मग मामांनी छिन्नी साध्या दगडाला लावली. ठोका. तुकडा पिशवीत. पिशवी वीतभर सरकली. ठोका... सरकली. ठोका... सरकली. शेवटच्या टोकापर्यंत.

पहाटे मामा वर आले. तोंड पांढरंफटक.

"जोडीदार आलाच नाही ना?" मी म्हटलं.

"होता," मामा म्हणाले.

सॅम्पलमध्ये धातू कमी निघाला. बोगदा बंद, भाच्याची नोकरी गेली. ताईने मामांशी बोलणं टाकलं, आणि ते मामांच्या जिवाला फार लागलं. पोरगा आता उजेडात ट्रक चालवतो. डॉक्टरांनी त्याची छाती तपासली, म्हणाले, वेळेवर बाहेर पडलास. खोकला थांबलाय. ताई अजून बोलत नाही.

बोगद्याला जाळी ठोकायला मी गेलो होतो. तिथल्या भिंती बारा महिने पाझरतात. लाल रेघ तशीच होती. तिच्या शेवटच्या टोकाखाली, जमिनीलगत, उकिडव्या बसलेल्या माणसाच्या पाठीएवढी जागा... कोरडी. वरून येणारं पाणी तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी उतरत होतं.

परवा जाळीतून पुन्हा दिवा मारून पाहिला.

कोरडीच आहे.