ठिपका वर

पहिल्याच भेटीत त्याच्या गाडीने तिच्या तोंडावर निळा धूर सोडला. भर सिग्नलला. तो पुढे भल्यामोठ्या मोटारसायकलवर, ती मागे स्कूटरवर, खोकत.

"अहो!" तिने हॉर्न दाबून धरला. "तुमचं इंजिन तेल पितंय!"

"मी तरी पीत नाही ना?" हेल्मेटची काच वर करून तो हसला. डोळे बरे होते. डोक्याचं काही सांगता येत नव्हतं.

"हसताय काय? रिंगा गेल्यात आतल्या."

"तुम्हाला कसं कळलं?"

झालं. बाईने इंजिनाबद्दल तोंड उघडलं की जगाला हाच एक प्रश्न पडतो. तिच्या डोक्यात तिडीक गेली. "नाकाने!" ती म्हणाली आणि वर्कशॉपचा पत्ता तिने दगड फेकावा तसा त्याच्या अंगावर फेकला.

दुसऱ्या दिवशी स्वारी हजर. तो मोटारसायकलच्या शर्यतींत उतरायचा आणि वळणावर गाडी इतकी झुकवायचा की सगळे त्याला तिरपा म्हणत. वर्कशॉप तिच्या बाबांचं. इंजिनदुरुस्तीचं टेबल मात्र तिचं, घरात दोन महिने भांडून मिळवलेलं. त्या टेबलावर चुलतभावाचा, म्हणजे दादाचा, डोळा होता. तिने तिरप्याचं इंजिन खोललं, नव्या रिंगा घातल्या. तो चार दिवस शेजारी स्टूलवर बसून बडबडला. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, कुणालाच कळलं नाही.

आणि सरावाच्या तिसऱ्या फेरीत गाडीने पुन्हा निळा धूर ओकला.

"दोष तुझा निघाला तर टेबल दादाकडे," बाबांनी एका वाक्यात निकाल लावला. दादा लगेच हात पुसायला लागला, जणू पानावर बसायचंय.

ती तिरप्यावर उखडली. "खरं सांग, तेल किती भरलंस?"

"खुणेपर्यंत."

"एक थेंब जास्त नाही?"

"अगं, नाही गं बाई! शपथ घेऊ?"

"नको. तोंड बंद ठेव, तेवढं पुरे."

तिने सिलिंडर उचलला. पिस्टनवर तीन रिंगा. वरची दाब अडवते, मधली सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल खाली खरवडते, शेवटची उरलंसुरलं गोळा करते. मधलीवर सुईच्या टोकाएवढा ठिपका असतो, तो वर हवा. उलटी बसली की तीच रिंग तेल वर ढकलते आणि ते जळत राहतं.

ठिपका खाली होता.

ती बघतच राहिली. मग सावकाश त्याच्याकडे वळली. "ही रिंग बसवताना तू मला काय विचारलंस... आठवतंय?"

"...लग्न ठरलंय का म्हणून."

"ठिपका बघायच्या वेळी! तुला दुसरा मुहूर्त मिळाला नाही?"

त्याचा चेहरा उतरला. "ऐक ना — मी काकांना सांगतो, तेल मीच जास्त भरलं. टेबल तुझ्याकडेच राहील."

क्षणभर तिला मोह झाला. नाही कशाला म्हणा? झालाच. मग राग आला, आधी स्वतःचा, मग त्याचा. "म्हणजे ते तू दिलेलं टेबल होईल. मला कुणी दिलेलं नको."

ती रिंग घेऊन सरळ बाबांकडे गेली. "मी उलटी बसवली. लक्ष नव्हतं."

बाबांनी चष्मा लावून ठिपका पाहिला. "लक्ष कुठे होतं?"

बाबांनी तिरप्याकडे पाहिलं. तो छताचे पत्रे मोजत होता.

"दादा!" बाबांनी हाक मारली. "चल, चहा पिऊन येऊ."

"आणि टेबल, काका?" दादा फुरंगटला.

"तीन वर्षं इथे काम करतोस, एकदा तरी येऊन 'माझं चुकलं' म्हणालायस? चल." दारातून ते वळले. "पोरी, आम्ही येईपर्यंत इंजिन जोडून टाक. आणि त्या तिरप्याला गप्प बसव."

तो बसला गप्प. खरोखर गप्प. ती रिंग चढवत होती आणि तो नुसता बघत होता... हे बडबडीपेक्षा भयंकर होतं.

"बोल की काहीतरी!" ती वैतागली.

"ठिपका वर आहे?"

"आहे."

"नक्की?"

"आहे म्हटलं ना!"

"मग सांगतो. मला तू आवडतेस. सिग्नलपासून."

तिने मान वर केली नाही. एकेक रिंग बोटाने दाबत तिने सिलिंडर सावकाश खाली सरकवला, पार बसेपर्यंत. मग फडक्याला हात पुसले, नीट, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

"हं," ती म्हणाली. "आता परत सांग. हात मोकळे आहेत माझे."