पहिली पिशवी

हे कुणाला सांगायचं नाही, असं मावशीने मला बजावलं होतं. मी सुट्टीला तिच्याकडे राहायला आलेय. पण एकटीने मनात ठेवायची भीती वाटते, म्हणून लिहितेय.

काका शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. ते गेल्यापासून मावशीने त्यांची कामाची खोली उघडली नव्हती. रविवारी दुपारी एका गिऱ्हाइकाचं मशीन परत द्यायचं म्हणून तिने कुलूप काढलं. आत तेलाचा शिळा वास. टेबलाखाली जुन्या पट्ट्यांची वेटोळी पडली होती. त्यातलं एक हललं.

मावशी आरडाओरडा करणाऱ्यांतली नाही. तिने सर्पमित्राला फोन केला आणि त्याने सांगितल्याप्रमाणे दारातच उभी राहून सापावरची नजर हटू दिली नाही.

सर्पमित्राने कापडी पिशवीच्या तोंडाला पाइप बांधून जमिनीवर टेकवला. अंधारं बीळ दिसलं की पाहुणे आपण होऊन आत जातात, असं म्हणून तो हसलाही. साप पाइपात शिरला. अर्धा गेला, थबकला आणि सरसर मागे आला. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच.

सर्पमित्राचं हसू मावळलं. "आत आधीच कुणी असलं, की साप जात नाही..."

पिशवी नवीकोरी होती. पण त्याने ती चाचपली नाही. पाइप काढून तोंड करकचून बांधलं आणि दुसरी पिशवी लावली. तिच्यात मात्र साप जीव घेऊन पळाल्यासारखा शिरला.

पहिली त्याने नेली नाही. "तुमच्या घरचं आहे ते... इथेच राहू दे. फक्त गाठ सोडू नका."

मावशीने ती खोलीतल्या खुंटीला टांगली. संध्याकाळी जेवताना तिकडून कुणीतरी खोकलं. दबकं, ओलसर. मावशीचा घास हातातच राहिला. काकांच्या ज्या चाहुलीसाठी ती वर्षभर कान देऊन झोपली, ती आली असं तिला वाटलं. तेव्हापासून ती खुंटीखाली स्टूल टाकून बसते, दिवसभराचं सगळं सांगते. पिशवी जड झालीय म्हणते. काल मला हळूच म्हणाली, "अगं, त्यांना आत गुदमरत असेल ना..."

मला पटकन बोलता येत नाही. पण काकांच्या अंगाखांद्यावर मी वाढले, आणि काका कधीच असे खोकले नाहीत. आज तिला सांगायचंच, की आत आहेत ते काका नाहीत, ते

मावशीची हाक आली. खोलीतून. गाठ फार घट्ट बसलीय म्हणते, तिची नखं लागत नाहीत, तू जरा ये आणि हे टोक धर