शेरी जिवंत हवी

"तुम्ही मासे पकडता?" मी विचारलं.

"नाही."

"कधी तरी पकडलेत?"

"नाही."

"निदान खाता तरी?"

तो ओशाळून हसला. "आमच्याकडे अंडंसुद्धा... नाही."

झालं! बाबांच्या शेवटच्या संधीचं वाटोळं करायला देवाने थेट पुण्याहून माणूस धाडला होता. टोपीतून काढलेली चिठ्ठी मी पुन्हा उलगडून पाहिली. नाव तेच होतं. तन्मय. आख्ख्या दिवसासाठी माझा जोडीदार.

दोन हजार सालचा जानेवारी होता. शारजाहून घाट ओलांडला की लागणाऱ्या खोर फक्कानच्या ब्रेकवॉटरवर, बंदराच्या दगडी बांधावर, ऊन नुकतंच पसरत होतं, मागचे डोंगर अजून जांभळे होते आणि बंदरातल्या क्रेन्सचा आवाज वाऱ्याबरोबर येत-जात होता. बाबांच्या कंपनीची मासेमारीची स्पर्धा दर हिवाळ्यात एका शुक्रवारी इथे भरायची. नियम इंग्रज मॅनेजरने आपल्या गावच्या नदीवरून आणलेले. दोघादोघांच्या जोड्या. पकडलेला मासा पाण्यात सोडलेल्या लांब जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवायचा, शेवटी सगळ्यांचं वजन करायचं आणि मग सगळे परत समुद्रात. मेलेला मासा वजनात धरत नाहीत.

माझे बाबा, सदानंद, या स्पर्धेत चार वर्षं ओळीने दुसरे आले होते. यंदा त्यांचा खांदा आखडला, रॉड उचलवेना. आणि मार्चमध्ये ते रिटायर होणार, व्हिसा कॅन्सल, आम्ही तिघं कायमचे मुंबईला. म्हणजे बाबांना कप मिळायचा तर आजच, आणि तो मीच मिळवायचा. आमच्या जागेवरच्या पाटीवर नाव त्यांचंच होतं, हात फक्त माझे. मला मासे पकडायला शिकवलं होतं तेही त्यांनीच, रुवैसच्या किनाऱ्यावर. माझं लहानपण तिथे गेलं, आणि रिफायनरी सोडली तर तिथे समुद्राशिवाय होतं काय?

"मग तुम्ही नाव कशाला दिलंत?" मी तन्मयला विचारलं.

"मी नाही दिलं, बॉसने दिलं. माणसं कमी पडत होती. पण तुम्ही सांगाल ते मी करीन."

"काही करू नका. फक्त मधे येऊ नका."

"हे मला जमेल," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की मला हसू आलं. मी ते दाबलं.

स्पर्धेचे पंच यूनुसभाई. त्यांनी शिट्टी फुंकली. "यल्ला, शुरू!"

पहिली शेरी लवकरच गळाला लागली. रुपेरी अंगाची, टपोऱ्या डोळ्यांची. शारजाच्या मासळीबाजारातून निम्म्या मराठी घरांत जाते तीच. मी गळ काढून तिला जाळीत सोडलं आणि पुढची कोळंबी लावायला वळले. जरा वेळाने पाहते तर हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खडकावर उकिडवा बसलेला, जाळीची दोरी हातात.

"हे काय?"

"लाट आली की जाळी खडकावर आपटतेय. आत तिला लागत असेल ना... मी जरा बाहेरच्या अंगाला धरतो."

"दिवसभर?"

"तुम्हीच म्हणालात, मधे येऊ नका. इथे मी मधे येत नाही."

आणि तो खरंच बसला! ऊन चढलं तसा त्याने स्वतःचा टॉवेल भिजवून जाळीवर सावली धरली, स्वतःच्या डोक्यावर मात्र काही नाही. त्याची मान लाल होत चालली होती. मी ती कितीतरी वेळ पाहत होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

"माझी टोपी घ्या," मी म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी इथलीच आहे. मला ऊन ओळखतं."

टोपी त्याला लहान होत होती. ती तशीच डोक्यावर टेकवून तो म्हणाला, "मार्चमध्ये घरी जाणार म्हणे तुम्ही?"

"सगळे म्हणतात, घरी. मी मुंबईत सलग महिनाभर राहिलेली नाही. सुट्टीत गेलं की शेजारचे विचारतात, दुबईहून काय आणलंस? मी आपली सांगत बसते, दुबई नाही हो... शारजा."

कुणीही हसलं असतं. तो हसला नाही. "माझं उलट आहे," तो म्हणाला. "मी घड्याळ अजून पुण्याच्याच वेळेवर ठेवलंय. आई आत्ता काय करत असेल, ते कळतं."

"मग ऑफिसला वेळेवर कसे पोचता?"

"दीड तास वजा करतो. रोज."

मी त्याच्या मनगटाकडे पाहिलं. परक्या गावात दुसऱ्याच गावची वेळ बांधून फिरणारा माणूस... आणि मी? मला तर कुठली वेळ बांधायची तेच ठाऊक नव्हतं. हे असलं काही मी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि ह्याला, जो कोळंबीकडे बघूनही डोळे बारीक करत होता, त्याला सांगावंसं वाटत होतं.

"अहो... ते... वाकतंय!" तो ओरडला. रॉडचं टोक पाण्याला टेकलं होतं आणि मी त्याच्या मनगटात अडकले होते. बाबांनी पाहिलं असतं तर!

दुपारपर्यंत जाळी दोन हातांनी उचलावी लागेल इतकी भरली. तीन शेरी तर अशा की एकेक ताटात मावली नसती. यूनुसभाई डोकावून गेले. "माशाल्ला! सदानंद साब का नसीब खुल गया इस बार." तन्मयने अंगठा वर केला, आणि मी त्याला चक्क टाळी दिली. हात ओला होता, मासळीचा वास येणारा. त्याने तो झटकला नाही.

जुम्म्याच्या नमाजासाठी स्पर्धा थांबली. रॉड पाण्याबाहेर आले. तन्मय बसमधून पाण्याचे बॉक्स उतरवायला गेला, मी रॉड धुवायला नळावर गेले आणि अर्ध्या तासाने बाबांपाशी छत्रीखाली आले. आई स्टोव्हवर तवा मांडून बसली होती. घाटातल्या वळणांनी तिला उलट्या होतात, म्हणून दर वर्षी ती शारजालाच राहायची. यंदा शेवटचं म्हणून आली होती, आणि येताना सुरी, तिखट, आमसूल, रवा, सगळा संसार घेऊन.

"घे, गरम आहे," तिने तुकडी वाढली.

"वा आई! कुठून आणलीस? किती ताजी आहे!"

बाबाही खात होते, डोळे मिटून. तेवढ्यात खडकांकडून तन्मय धावत आला. धापा टाकत. "वैभवी, जाळीत... मोठ्या तिन्ही..."

तो थांबला. त्याची नजर तव्यावर गेली. माझी पण गेली. बाबांनी ताट खाली ठेवलं. आईचा उलथनं धरलेला हात तव्यावरच राहिला.

माझ्या तोंडात घास होता. आता त्याचं काय करावं, ते मला कळेना.

"काय झालं?" आईचा आवाज बारीक झाला होता.

"सॉरी," तन्मय एकदम म्हणाला. "चूक माझी आहे. मीच... मीच दिले काकूंना. त्यांनी विचारलं, घेऊ का? मी म्हटलं, घ्या."

आजूबाजूचे हसायला लागले. त्याचा बॉस सगळ्यांत मोठ्याने. "क्या यार, कॉम्पिटिशन का माल ही खिला दिया?" आणि मी... मी जे तोंडाला येईल ते बोलले. "तुम्हाला एक काम होतं. एक! तुम्ही खात नाही ना, मग तुम्हाला त्याची किंमत काय कळणार? माझ्या बाबांचं शेवटचं वर्ष होतं हे!"

माझी टोपी अजून त्याच्या डोक्यावर होती. ती त्याने काढली, माझ्या खुर्चीवर ठेवली आणि खडकांकडे निघून गेला.

दुपारची शिट्टी झाली. तो पुन्हा जाळी धरून बसला, उरलेल्या लहानसहान माशांसाठी. मी गळ फेकत होते, रागाने फेकला की तो जवळच पडतो हे ठाऊक असूनही.

मग आई चहा घेऊन आली. खडकांवरून तोल सावरत, साडी खोचून. तिने कप माझ्या हातात दिला आणि तन्मय ऐकेल इतक्या मोठ्याने म्हणाली, "त्याने नाही गं दिले. तो तिथे नव्हताच. पाटीवर यांचं नाव पाहिलं आणि मीच नेले."

"पण आई, ते सोडायचे असतात! बाबा दर वर्षी सांगायचे ना तुला, सगळे सोडून दिले म्हणून?"

आई म्हणाली, "मला ती थाप वाटायची. चार वर्षं हा माणूस रिकाम्या हाताने येतो आणि म्हणतो, दुसरा आलो, मासे सोडून दिले. मला वाटायचं, मिळत काही नाही बिचाऱ्याला, आणि माझ्यापुढे लाज वाटते. मीही कधी खोदून विचारलं नाही. आज ती भरलेली जाळी बघितली आणि... इतका आनंद झाला गं मला. म्हटलं, चला, एकदाचे मिळाले. यांना आपल्या हातचे खाऊ घालू."

तिने पदराने डोळे पुसले आणि आली तशी निघून गेली. मी तन्मयकडे वळले.

"खोटं का बोललात?"

तो जाळीकडेच बघत होता. "काकांनी ताट खाली ठेवलं तेव्हा काकूंचा चेहरा पाहिलात? मी परका आहे. परक्यावरचा राग बस शारजाला पोचेपर्यंत उतरतो. घरच्या माणसावरचा... तो घरात राहतो ना."

मला त्या क्षणी त्याच्यावर इतकं प्रेम आलं की रॉड हातातून निसटतो की काय असं वाटलं. खरंच सांगते, प्रेमच. लाल मानेच्या, मासे न खाणाऱ्या, दीड तास पुढे चालणाऱ्या या माणसाने परकं राहू नये, एवढंच मला हवं होतं. मी उठले, माझी टोपी काढून पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "तन्मय, ती दोरी बांध त्या खडकाला. इकडे ये. रॉड धरायला शिक."

"मी? माझ्याने नाही हो होणार."

"होईल. आणि ते अहो-जाहो पुरे झालं."

संध्याकाळी वजन झालं. आम्ही दुसरे आलो. कप रुवैसहून आलेल्या जोडीने नेला, आणि आमच्यात-त्यांच्यात फरक होता तो फार तर एका शेरीचा. मी बाबांकडे बघूच शकले नाही.

आई मात्र उठली. सगळ्यांसमोर, यूनुसभाईंच्या वजनकाट्याशेजारी उभी राहून बाबांना म्हणाली, "अहो, मासे मीच घेतले. या मुलाचा काही संबंध नाही. मला वाटायचं, तुम्ही सोडले म्हणता ते खोटं."

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. "चार वर्षं तू मला थापाड्या समजत होतीस?"

"हो."

"आणि तरी दर वर्षी डबा भरून गळ टाकायला पाठवत होतीस?"

"मग काय, उपाशी पाठवू?"

बाबा हसायला लागले. आखडलेला खांदा धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "खलास!" ते म्हणाले. "कप घेऊन काय करू? मी खरं बोलत होतो, हे बायकोला पटलं. आणि शोभना, तुकडी झकास झाली होती. मी दुसरी मागणारच होतो, तेवढ्यात हा पोरगा धावत आला."

मासे सोडायला मी आणि तन्मय खाली उतरलो. मी जाळीचं तोंड उघडलं. एक शेरी आतच अडून राहिली. "हात घाल," मी म्हणाले. त्याने घातला. तिच्या खवल्यांना पहिल्यांदा बोटं लागली तसा तो दचकला, पण त्याने हात काढला नाही. माझा हात त्याच्या हाताखाली होता. शेरीने एकदा शेपूट मारली, आमच्या तोंडांवर पाणी उडालं आणि ती गेली. हात मात्र तिथेच राहिले, पाण्यात.

"वैभवी," तो म्हणाला, "मला परका राहायचं नाहीये."

"मार्चमध्ये मी जाणार आहे."

"माहीत आहे. मी थांब म्हणत नाही. माझ्याशी लग्न करून थांबलीस तर लोक म्हणतील, व्हिसासाठी केलं. तुलाही कधीतरी तसं वाटेल. तू जा. मुंबई बघ, तिथे राहून बघ. मी सुट्टी काढून येईन, रीतसर विचारीन."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर तुझ्या बाबांची शिकवणी लावीन. दुसरं येऊन एवढं हसायचं कसं ते."

मी त्याच्या अंगावर पाणी उडवलं. "नाही म्हणणार नाही," मी म्हणाले. हे बोलायचं ठरवलं नव्हतं. पण बोलले, आणि बरं वाटलं.

बसपाशी तो बाबांसमोर उभा राहिला. ओल्या बाह्या खाली ओढत. "काका, एप्रिलमध्ये मी सुट्टीवर येतोय. मुंबईला तुमच्याकडे... भेटायला आलो तर चालेल?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं असावं. "या की. कधी?"

"शुक्रवारी उतरतोय. त्याच दिवशी, दुपारी..."

मी डोळे मिटले. आमच्या घरात बुधवार, शुक्रवार, रविवार माशांचे. परीक्षा असो, ताप असो, कुणीही पाहुणा असो, आईने शुक्रवार कधी मोडलेला मला आठवत नाही. बाबाही हळूच आईकडे पाहू लागले.

आई तवा कागदात गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

"शुक्रवारीच या," ती म्हणाली. "अळूची पातळ भाजी करीन. तुमच्याकडे गोड लागते ना? आईला विचारून कळवा, गूळ किती घालतात."