ओहोटीची पेनी

अमरावतीत राजकमल चौकातून आत वळलं की गल्लीत अश्विन तायडेचं चष्म्याचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो काउंटरवरचा दिवा जवळ ओढायचा, खणातून एखादं काळपट नाणं काढायचा आणि डोळ्याला भिंग लावून बसायचा.

नाणी जमवणारे पुष्कळ असतात. अश्विनचा नाद थोडा वेगळा होता. त्याला जुन्या इंग्रजी ब्राँझच्या नाण्यांमधले ठशांचे फरक शोधायचा छंद होता. साल एक, किंमत एक, राणीही तीच. पण एका नाण्यावर तिच्या केसांतल्या फांदीला पान जास्त, दुसऱ्यावर आकड्याची शेपटी आखूड. टांकसाळीत ठसा झिजला, नवा कोरला, कोरणाऱ्याचा हात जरा हलला, की असा फरक राहून जातो. त्याची बायको पायल म्हणायची, "एवढ्या ध्यानानं तांदूळ निवडून देत जा ना कधी."

हसायचा नाही तो फक्त ललित. ललित बडनेऱ्याला रेल्वेत कारकून होता. घर अकोल्याला, आईजवळ. ड्यूटी संपली की गाडीची वेळ होईपर्यंत तो अमरावतीला अश्विनच्या दुकानात येऊन बसायचा. दोघंही एकाच नाण्यावर तास घालवत. दिवाळीच्या तोंडावर ललित पूर्णा नदीत बुडून गेला, आणि दुकानातलं ते दुसरं स्टूल अश्विननं मागच्या खोलीत नेऊन ठेवलं.

त्याच्याकडे ललितचं एक नाणं राहून गेलं होतं. १९०२ सालची पेनी. अकोटच्या एका भंगारवाल्याच्या डब्यात ती ललितला मिळाली होती. या पेनीच्या एका बाजूला हातात त्रिशूळ घेतलेली एक बाई बसलेली असते, शेजारी ढाल, मागे समुद्र. बहुतेक नाण्यांवर पाण्याची रेघ तिचे पाय जिथं एकमेकांवर येतात तिथं टेकते. त्या सालच्या थोड्याच नाण्यांवर ती खाली असते, झग्याच्या काठाजवळ. जमवणारे तिला ओहोटीची पेनी म्हणतात.

ललितची पेनी ओहोटीची होती. अश्विननं ती स्वतः पाहिली होती, भर उन्हात, चांगल्या भिंगाखाली. त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

थंडी पडल्यावर एका दुपारी त्यानं ती पेनी ठेवलेलं कागदी पाकीट पहिल्यांदा उघडलं. पाण्याची रेघ पायांच्या तिढ्यावर होती.

आपलंच चुकलं असेल, असं त्यानं ठरवलं. घाईत पाहिलं असेल. मायक्रोस्कोपला कॅमेरा लावून त्यानं फोटो काढला, कडेपासून रेघेपर्यंतचं अंतर मोजलं आणि पेनी खणात ठेवून दिली. काही दिवसांनी परत काढली, तर रेघ बाईच्या गुडघ्यांवर होती. आधीच्या फोटोत मात्र ती पायांच्या तिढ्यावरच होती. त्यानं भिंग बदललं, दिवा बदलला, त्याच सालच्या दुसऱ्या पेन्या तपासल्या. त्या जशाच्या तशा होत्या.

कागदी पाकिटाला आतून पांढरट काहीतरी धरलं होतं. त्यानं बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी लागतं, तसं खारट.

संध्याकाळी जेवणाआधी त्यानं पेनी आणि भिंग पायलसमोर धरलं. "पाह्य बरं, पानी कुठपर्यंत हाय?"

पायलनं कणकेचे हात पुसले आणि पाहिलं. "कमरेपर्यंत. बाईले असं पान्यात कावून बसवलं?" मग तिनं नाणं उलटून पाहिलं. "ललितभाऊजीचं व्हय का?"

"हो."

"मंग त्याहीच्या आईले नेऊन द्या ना. आपल्याकडं कावून ठेवता?"

"देतो," अश्विन म्हणाला.

दिलं नाही. ललितच्या आईसमोर, पंचफुलामावशींसमोर जायचं तो टाळत होता. ललित गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तो गेला होता, पण मागच्या रांगेत बसून लवकर निघाला होता. ललितचा पाय घसरला, असं पोलिसांना त्यानंच सांगितलं होतं. लोकांनाही तेच सांगितलं होतं. सांगून सांगून ते खऱ्यासारखं वाटायला लागलं होतं.

पावसाळा सरला आणि पूर्णा उतरली, की अकोटच्या रस्त्यावरच्या पुलाखाली वाळू उघडी पडते. वरून जाणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नदीत टाकलेली नाणी तिथं सापडतात. दिवाळीआधीच्या त्या रविवारी दोघं तिथं गेले होते. ललितनं काठावर पँट दुमडली, खिशातली पेनी काढून अश्विनच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "सांग, कोणता ठसा हाय." मग तो पाण्यात उतरला. पलीकडच्या वाळूकडे जाता जाता मधेच थांबला आणि त्यानं हाक मारली, "अश्विन, पुढं पानी किती हाय रे? तू उंचावर हायेस, तुले दिसते."

अश्विनच्या डोळ्याला भिंग होतं. रेघ नेमकी झग्याच्या काठाजवळ येत होती. मान वर न करता तो म्हणाला, "टोंगळाभर हाय. जाय."

टोंगळाभर, म्हणजे गुडघ्याएवढं. तिथं वाळू उपसल्याचा खड्डा होता. वरून पाहिलं असतं तर पाण्याचा काळसर रंग दिसला असता.

"ओहोटीचीच हाय रे," असं म्हणून अश्विननं मान वर केली, तेव्हा नदी सपाट होती.

हे त्यानं पायललाही सांगितलं नव्हतं.

पेनीवरचं पाणी चढत राहिलं. ढाल गेली. छाती गेली. दुकानात गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर काचा बदलताना, "आता दिसते का? आता?" असं विचारताना त्याच्या हातून नंबर चुकायला लागला. बाईच्या हनुवटीला पाणी लागलं त्या दिवशी त्यानं दुकान लवकर बंद केलं. नंतर नुसतं शिरस्त्राण राहिलं. मग त्रिशुळाची टोकं.

मग एका सकाळी नाण्यावर फक्त आडव्या, बारीक लाटा होत्या. कडेपासून कडेपर्यंत.

तो तडक बसस्टँडवर गेला आणि अकोल्याची गाडी पकडली.

पंचफुलामावशी दारातच गहू पाखडत बसल्या होत्या. त्यानं "जयभीम" म्हटलं, तशा त्या सूप बाजूला ठेवून उठल्या. "ये बाबू. किती वाळला तू." आत भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर होती, खाली ललितचा फोटो. त्यांनी चहा ठेवला.

"तू व्हता त्याच्यासंगं, एवढंच बरं वाटते मले," कप पुढं करत मावशी म्हणाल्या. "एकटा नोयता माहा ललित."

अश्विननं कप खाली ठेवला. खिशातून पाकीट काढलं. "हे त्याचं नाणं, मावशी. माह्याजवळ राहून गेलं."

"मले का समजते त्यातलं? राहू दे तुह्याजवळ."

"एकदा पाहा तरी."

त्यांनी पेनी आणि त्यानं पुढं केलेलं भिंग घेतलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांची नजर साफ होती, आणि भिंग कसं धरायचं ते ललितनं त्यांना शिकवलं होतं. त्या खिडकीपाशी गेल्या. अश्विन दाराजवळच उभा राहिला. त्यांना नुसतं पाणी दिसलं तर सगळं सांगून टाकायचं, असं तो गाडीत बसल्यापासून ठरवत आला होता.

"बाई दिसते का, मावशी? त्रिशूळवाली?"

"नाही बा. बाई नाही याच्यावर."

"मंग?"

"नदी हाय." त्यांनी भिंग थोडं जवळ घेतलं. "पल्याड वाळू हाय. अन् अल्याड काठावर एक मानूस उभा हाय, मान खाली घालून. हातात काहीतरी धरून पाहून राहिला."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"कोन व्हय रे हा?"

अश्विन दोन पावलं खिडकीकडे सरकला.

"तोंड दिसून नाही राहिलं त्याचं," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी नाणं उजेडाकडे जरासं कलवलं. "थांब. आता मान वर करून राहिला."