तात्यांचं कार्ड

दिवा राहू दे, पण जरा जवळ सरका. ही गोष्ट माझ्या मेव्हण्याची. आणि तो थापा मारणारा नाही. तेवढी अक्कलच नाही त्याला.

रात्रपाळीला तो बँकेत पैशांच्या व्यवहारांवर नजर ठेवायचा. यंत्र व्यवहार आपोआप पुढे पाठवायचं आणि एखादा संशयास्पद वाटला की अडवायचं. मग दोघांनी तपासून, दोन टेबलांवरच्या खाचांत आपापली कार्डं घालायची, तरच तो सुटायचा. दुसऱ्या टेबलावर तात्या असायचे, सगळ्यांत जुने. नव्या साहेबानं त्यांना काढलं. "यंत्र असताना दोघं कशाला? दुसरी मंजुरी मी घरून देईन." वर सगळ्यांदेखत तात्यांचं कार्ड कात्रीनं कापलं, बरोबर फोटोच्या मधोमध, आणि कचऱ्यात टाकलं. महिन्याभरात तात्या वारले. त्या साहेबाचा विषय निघाला की माझं अजून रक्त उसळतं.

त्या शनिवारी मेव्हणा नेहमीसारखा डबा घेऊन कामावर पोचला. रात्री अडीचला एक व्यवहार अडकला. पाठोपाठ फोन. एक बाई रडत होती.

"दादा, मुलीच्या ऑपरेशनचे पैसे आहेत हो. जमा झाल्याशिवाय तिला आत घेत नाहीत!"

त्यानं सगळं तपासलं. बाई खरं बोलत होती. त्यानं आपलं कार्ड घातलं आणि साहेबाला फोन लावला. पुन्हा लावला. शेवटी साहेबानं उचलला.

"झोपू दे रे! सकाळी बघू."

आणि फोनच बंद करून टाकला.

मेव्हण्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरच्या रिकाम्या खुर्चीला लाथ घालून तो ओरडला, "तात्या, आज तुम्ही हवे होतात हो!"

खुर्ची गरगर फिरली.

थांबली… तोंड टेबलाकडे.

मग कुणीतरी खाकरलं. तात्या कामाला बसताना खाकरायचे… तसंच.

मेव्हण्याची मान वळेना.

टक्.

कार्ड आत गेलं…

पडद्यावर अक्षरं उमटली. दुसरी मंजुरी… तात्यांच्या नावानं. व्यवहार सुटला.

ए, दाराकडे काय बघतोस? बंद आहे ते.

सकाळी साहेब तणतणत आला. मुलगी तोवर शुद्धीवर आली होती, पण ते विचारतो कोण! "कुणाचं कार्ड आहे त्या खाचेत? कात्री आणा!"

कुणी जागचं हललं नाही.

मेव्हण्यानं कार्ड ओढून काढलं आणि साहेबाच्या हातावर ठेवलं.

तात्यांचंच होतं. अख्खं. फोटोच्या मधोमध फक्त केसाएवढी एक रेघ… आणि कार्ड अजून गरम होतं.