ल्युपिनची पानं

विस्कॉन्सिनच्या त्या पट्ट्यात जमीन म्हणजे नुसती वाळू आणि वाळूत उभे खुरटे ओक. पूर्वी त्यांच्याखाली मे महिन्यात रानटी ल्युपिनचं फुलझाड निळंजांभळं पसरायचं. ते परत आणायचं म्हणून व्हर्नाच्या नवऱ्यानं, हार्लननं, बिया जमवल्या होत्या. मग एका ऑक्टोबरात तो रानात फिरायला गेला तो आलाच नाही. माणसांनी शोधलं, कुत्र्यांनी शोधलं. साधा बूटही सापडला नाही.

व्हर्ना शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. तिनं त्या बिया पॉलिश पेपरवर घासल्या, कोमट पाण्यात भिजवल्या आणि घरामागे पेरल्या. दुसऱ्या वर्षी रोपं गुडघाभर झाली. सकाळी प्रत्येक पानाच्या मधोमध दवाचा एकच थेंब थरथरत असे.

ल्युपिनची पानं दिवसभर उन्हामागे वळतात, हे तिनंच कितीदा मुलांना शिकवलेलं. ही मात्र उत्तरेला वळली. रानाकडे.

चार दिवसांनी सगळी कुंपणाकडे बघत होती. त्यानंतर पाण्याच्या पंपाकडे.

"वाऱ्यानं वळली असतील," हार्लनची बहीण झेल्मा म्हणाली.

"वारा आहे कुठे?"

"मग चष्मा बदल तुझा. किती दिवस वाट बघणार आहेस गं? माझ्याकडे चल राहायला."

"आणि तो आला तर?"

पंपाकडे पाठ करून मात्र झेल्मा बसेना.

व्हर्नाला भीती वाटत नव्हती. उलट, झोपेत कुणीतरी अंगावर पांघरूण घालावं तसं वाटायचं. ती तासन् तास रोपांत बसून राही. पानांचा रोख हळूच सरके. पंपापासून पायऱ्यांपर्यंत. पायऱ्यांवरून ओसरीपर्यंत.

रविवारी दुपारी झेल्मा आली, ती हसतच.

"बघ! आली की नाही शुद्धीवर तुझी झाडं?"

खरंच. पानं पश्चिमेला, उन्हाकडे वळली होती. जगातल्या कुठल्याही ल्युपिनसारखी.

व्हर्नानं वळून घराकडे पाहिलं. सकाळपासून ती इथंच रोपांत होती. पानांना आता बाहेर बघण्यासारखं कुणी उरलं नव्हतं.

"चल, कॉफी टाकते," झेल्मा म्हणाली आणि ओसरी चढून तिनं दार ओढलं. पुन्हा ओढलं.

"व्हर्ना, घरात कोण आहे?"

जाळीच्या दाराची कडी आतून लावलेली होती.