उघड्या कणग्यांचा दिवस

लशीचा निळा डबा तसा जड नसतो. आत बर्फाची पाकिटं आणि मूठभर बाटल्या. पण धामणवाडीची चढण सुरू झाली की तोच डबा खांद्यावर झोपलेल्या पोरासारखा जड होत जातो. त्या दिवशी तर मी अर्ध्या वाटेतच आमच्या खात्याला मनातल्या मनात चार शिव्या देऊन मोकळी झाले होते.

मी यशोधरा. कान्ह्याजवळच्या एका उपकेंद्रात नर्स आहे, राहायला तळेगावात. आमच्या घरात देव्हारा नाही, त्यामुळे भुतांचीही काही सोय नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना माझ्याबद्दल गैरसमज नको.

धामणवाडी हे एकेकाळचं संस्थानी गाव. चहूकडे इंग्रजांचा मावळ आणि मधेच डोंगराच्या खांद्यावर ही एक वाडी पलीकडच्या एका चिमुकल्या संस्थानाची. संस्थान एवढंसं, पण थाट मोठा. दरसाल दिवाणसाहेब कारभाराचा छापील अहवाल करून पुण्याच्या गोऱ्या साहेबाकडे पाठवायचे. पाऊस किती, पीक कसं, शाळेत पोरं किती, तुरुंगात कैदी एक. आमच्या डॉक्टरांनी एका प्रशिक्षणात त्यातला एक जुना अहवाल गंमत म्हणून दाखवला होता. आमच्या कामाचा मजकूर एका ओळीत होता. धामणवाडीत सर्व मुलांना देवी काढल्या, एकही शिल्लक नाही.

देवी काढणं म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचणं. माझ्या आईच्या डाव्या दंडावर त्याचे दोन गोल पांढरे वण आहेत. माझ्या दंडावर नाहीत, कारण माझ्या जन्माआधीच तो रोग जगातून गेला आणि ती लसही बंद झाली.

“बघा, तेव्हापासून आपण शंभर टक्के आहोत,” डॉक्टर म्हणाले होते, आणि आम्ही सगळ्या हसलो होतो. शंभर टक्के कसे होतात, हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं.

पौषातली सकाळ होती. ऊन लख्ख, वारा गार, खाली धरणाचं पाणी चमकत होतं. पण माझं लक्ष त्यात नव्हतं. पलीकडच्या वाडीत गोवर निघाला होता. तिथलं एक पोर पुण्याला दवाखान्यात ऑक्सिजनवर होतं. धामणवाडीतल्या बाकी मुलांना गोवराची लस मिळालेली होती, राहिली होती एकटी तेजल. कैलास आणि राजेश्वरीची ही मुलगी अजून वर्षाचीही नव्हती, आणि गोवर अशीच पोरं आधी धरतो.

राजेश्वरी ऐकतच नव्हती. तिचा पहिला मुलगा डोस घेतल्यानंतर दोन दिवसांनी गेला होता. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला आणि तो न्यूमोनियाच होता. पण जिच्या मांडीवर पोर गेलं, तिला कागद दाखवून काय उपयोग? मला तिचा रागही यायचा आणि पोटात तुटायचंही.

“मॅडम, ती सांगती पोर औंढ्याला म्हायेरी धाडली,” सविता चढताना म्हणाली. सविता आमची आशाताई, खालच्याच गावातली. “पन म्या तितल्या आशाला फोन लावला. तितं कुनी पोर न्हाई.”

वाडीत शिरलो आणि मी थबकले. प्रत्येक उंबऱ्याशी पितळी पातेल्यात पाणी ठेवलेलं. पाण्यावर हलकी वाफ. बाजूला घडी घातलेला स्वच्छ पंचा. दारं सताड उघडी, आणि आतल्या अंधारात दिसणाऱ्या धान्याच्या कणग्यांची झाकणं काढून भिंतीला टेकवून ठेवलेली.

“आज काय आहे गं?”

“आज देवीवाला यायचा दिस.”

“कोण देवीवाला?”

“संस्थानचा देवी डॉक्टर.” ती माझ्याकडे न बघता पुढं झाली. “चला मॅडम, ऊन चढतंय.”

“संस्थान जाऊन जमाना झाला की!”

“त्याला कुनी सांगितलं न्हाई वाटतं.”

मी हसले. ती हसली नाही.

कैलासचं घर वाडीच्या टोकाला आहे, त्याच्यापुढं नुसता कडा. कैलास तळेगावच्या कारखान्यात पाळीवर गेलेला. त्याची आजी, रतनबाई, ओसरीवर उन्हात पाय पसरून वाल निवडत होती. तिच्याही उंबऱ्याशी पातेलं आणि पंचा होताच. राजेश्वरी दारात उभी राहिली, ती वाट न देताच.

“पोरगी न्हाई घरात. म्हायेरी हाय.”

बाळाला पाजून नुकतीच उठलेली बाई मी लगेच ओळखते. मी नुसतं पाणी मागितलं, म्हणजे तिला बाजूला व्हावं लागलं, आणि मी आत जाऊन बसले. कोपऱ्यात छातीएवढी उंच कणगी होती, बांबूची, शेणानं सारवलेली. सगळ्या वाडीत झाकण असलेली ती एकच कणगी.

मी बघितलं, आणि मी बघितलं हे राजेश्वरीनंही बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले.

आता उठून झाकण काढायला मला कोण अडवणार होतं? पण तसं केलं असतं, तर त्या घराचंच काय, अख्ख्या वाडीचं दार मला कायमचं बंद झालं असतं. आईच्या हातातून पोर ओढून टोचायचं माझ्या हातून होत नाही. मी मोबाइल काढला. त्यात आमच्या सोयीचं एक बटण आहे, ‘लाभार्थी गावाबाहेर’. ते दाबलं की तेजलचं नाव यादीतून जातं, वाडी शंभर टक्के होते, आणि महिनाअखेरच्या बैठकीत कुणी माझ्यावर डाफरत नाही. अंगठा मी बटणावर नेलासुद्धा.

“लिवून टाका बाई,” ओसरीवरून रतनबाई म्हणाली. वालावरची नजर तिनं हलवली नव्हती. “त्यानंबी तसंच लिवलं.”

“कुणी, आजी?”

“देवीवाल्यानं. ह्ये माजं म्हायेरचंच घर हाय, माजा मालक घरजावई. मी बारकी व्हते तवा. माजा धाकटा भाऊ नथू, आईनं त्याला ह्याच कणगीत लपिवला. देवीवाला तट्टावरनं आला. आई म्हनली, पोर मामाकडं हाय. त्यानं कणगीकडं बगितलं. समजलं त्याला. पन दिवाणाचा वर्साचा कागद जायचा व्हता, वर आनिक वाड्या ऱ्हायल्या व्हत्या. लिवलं त्यानं, समदी पोरं झाली.”

सविता दारातच उभी होती. ती हळूच खाली बसली.

“आन् मग?”

“उनाळ्यात देवी आल्या. समद्या वाडीत एकट्या नथूच्याच आंगावर आल्या.” म्हातारीनं एक किडका वाल बाजूला टाकला. “टोचलं का आठव्या दिशी येऊन, लस धरली का न्हाई, त्यो फोड बगायचा त्याचा नेम व्हता. नथू गेल्यावर आला, तवा आत न्हाई आला. हितं उंबऱ्यात बसून ऱ्हायला दिसभर. मग संस्थान गेलं, त्योबी कुटं गेला ठावं न्हाई. पन फुडच्या पौषात तट्टू वाजलं.”

“तुम्ही पाहिलंत त्याला?”

“बगायचं काय त्यात? पानी गढूळ हुतं. पंचा वला हुतो. समद्यांच्या कणग्या उगड्या आसत्यात, बगतो आन् जातो.” मग पहिल्यांदाच तिनं मान वर करून नातसुनेकडे पाहिलं. “आवंदा येक झाकल्याली हाय.”

राजेश्वरी जागची हलली नाही.

मी अंगठा बटणावरून काढला होता. कधी काढला ते आठवत नाही.

बाहेर उन्हात एक कुत्रं भुंकत होतं. ते भुंकता भुंकता मधेच थांबलं, आणि पोट जमिनीला लावून बसलं. कोंबड्या गप्प झाल्या. वारा पडला. आणि वाटेवरच्या कातळावर टापा वाजल्या. थकलेल्या जनावराच्या, सावकाश. पहिल्या घराशी थांबल्या. मग पुढच्या.

लोणावळ्याच्या बाजूला बोगद्याचं काम चाललंय, सुरुंग लावत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. सुरुंग असे घरोघर थांबत नाहीत, हेही मला कळत होतं.

टापा आमच्या दाराशी आल्या. थांबल्या.

दारात कुणी नव्हतं. उंबऱ्यावर ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात पातेल्यातलं पाणी हललं. दोन हात बुडवून चोळावेत तसं हललं, आणि हळूहळू तांबूस झालं, लाल वाटेवरून आलेल्या माणसाच्या हातांनी व्हावं तसं.

दवाखान्याचा वास आला. आताच्या दवाखान्याचा नाही. स्पिरिट, कातडं आणि घोड्याचा घाम.

सवितानं डोळे मिटून घेतले. मी मात्र बघत राहिले. घाबरले होते, पण त्याहून जास्त मला त्याची दया आली, खरंच सांगते. इतकी वर्षं हा माणूस एका पोरासाठी डोंगर चढत होता.

आणि या खेपेला तो आत आला.

काही दिसलं नाही. जमिनीच्या सारवणावर एकापुढं एक ओल उमटत गेली, माझ्या गुडघ्याला लागून, कोपऱ्यापर्यंत.

कणगीतून आवाज आला.

रडण्याचा नाही. तेजल हसत होती. कुणीतरी तोंडासमोर चुटक्या वाजवाव्यात आणि बाळानं खिदळावं, तशी.

“आई गं!” राजेश्वरी धावली. तिनं झाकण उचलून फेकलं.

तेजल गोधडीवर उभी होती, आतल्या भिंतीला धरून. चेहरा वर. तिच्या झबल्याची डावी बाही खांद्यापर्यंत नीट, घडी घालून दुमडलेली. दंड ओला होता. पुसून स्वच्छ केलेला.

राजेश्वरीनं तिला उचलून छातीशी धरलं. किती वेळ धरलं कुणास ठाऊक. मग ती माझ्यासमोर येऊन बसली आणि पोरीला मांडीवर घेतलं. तिचा सगळा चेहरा रडण्यानं भिजला होता.

“माजा पयला गेला वो बाई,” ती म्हणाली. “ह्या पोरीला काय झालं तर मी काय करू?”

“मी आज इथंच थांबते,” मी म्हणाले. “रात्रीही थांबते. ताप आला तर तुझ्याबरोबर मी जागेन.”

तिनं मान हलवली. “द्या.”

गोवराची लस उजव्या दंडात देतात. मी ती उजव्याच दंडात दिली. तेजल जराशी रडली आणि लगेच माझ्या खांद्यामागं कुणाकडे तरी बघून गप्प झाली. बाहेर टापा वाजल्या, लांब गेल्या. कुत्रं पुन्हा भुंकू लागलं. मी बाहेर आले तेव्हा रतनबाई पातेल्यातलं तांबूस पाणी जास्वंदीला घालत होती.

त्या रात्री मी खरोखरच थांबले. पोरीला ताप आला नाही. राजेश्वरीनं मला नाचणीची भाकरी करून वाढली, आणि आपल्या पहिल्या मुलाचं नाव सत्यम होतं हे मला तिनं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. पुढं गोवर धामणवाडीत आला, कुणा पाहुण्याबरोबर, अगदी शेजारच्या घरात. तेजलला तो शिवला नाही. पलीकडच्या वाडीतलं ते पोरही बरं होऊन घरी आलं. आता आसपासच्या वाड्यांतल्या घाबरलेल्या आयांना राजेश्वरीच समजवायला जाते, आणि तिचं त्या माझ्यापेक्षा जास्त ऐकतात.

हे सगळं नंतरचं. मला सांगायचं आहे ते आठव्या दिवसाचं.

आठव्या दिवशी जाऊन बघावं असा आमच्या खात्याचा काही नियम नाही. तरी मी सकाळीच उठून चढण चढले. का, ते विचारू नका. वाडीत इतर उंबऱ्यांवर काही नव्हतं. फक्त टोकाच्या घराशी पातेलं होतं.

रतनबाई ओसरीवर होती. राजेश्वरी आत पोरीचं अंग पुसत होती. मला बघून तिचा चेहरा खुलला. तेजल माझ्याकडे झेपावली. मी तिचा उजवा दंड तपासला. सुईची खूणही राहिली नव्हती. मला फार बरं वाटलं, डोळ्यांत पाणीच आलं.

“बाई,” राजेश्वरी हळू आवाजात म्हणाली, “तुमी उजव्या हाताला टोचलं ना? मग ह्ये?”

तिनं पोरीचा डावा हात उजेडाकडे केला. दंडावर दोन गोल वण होते. पांढरे, गुळगुळीत, कडेला किंचित चुणलेले. माझ्या आईच्या दंडावर आहेत तसे. आठ दिवसांचे नव्हे, जुने, कधीच भरून आलेले.

मी त्यांवरून बोट फिरवलं. तेजलला गुदगुल्या झाल्या.

“धरली का?” ओसरीवरून रतनबाईनं विचारलं.

“धरली, आजी,” मी आतून म्हणाले. “चांगली धरली.”

“तुमास्नी न्हाई इचारलं, बाई.”

मी बाहेर आले. म्हातारी उंबऱ्याकडे तोंड करून बसली होती, समोर कुणी बसल्यासारखी. पातेल्यातलं पाणी तांबूस झालं होतं. पंचा पिळून, नीट घडी घालून ठेवलेला होता, आणि त्याच्या टोकातून अजून थेंब गळत होते.